सिलिकोसिसच्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवायचं की चालवायचं?

आबोली_साखळी | १८ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा ६३ वर्षांचे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका लोहखनिजाच्या खाणीवर २४ वर्षं होते. पहिली बारा ड्रिलवर, पुढची स्क्रीनिंग प्लांटवर, खनिज चाळायच्या जागी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा घरी आले ते घरीच. खोकला तेव्हाही होता. "धुळीचो खोकलो, जातलो" म्हणायचे. मधे एकदा टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झाला. गेल्या डिसेंबरात गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एक्स-रे, सीटी, ती फुंकर मारायची तपासणी सगळं झालं आणि कागदावर सिलिकोसिस आलं, म्हणजे दगडाच्या धुळीने फुफ्फुसाला धरलेले वण. रक्तातला प्राणवायू मोजायचं बोटाला लावायचं यंत्र बसलेले असताना ९५ दाखवतं, देवळाच्या पायऱ्या चढून आले की ८९.

अडचण औषधाची नाही, घरातली आहे. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. आई म्हणते, चालला की धापा टाकतो, त्याला मारायचाय का? काकांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवलीय. बाबा सकाळी तीत बसतात ते जेवायला उठतात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा. पायांच्या काड्या झाल्या आहेत.

आणखी एक. बाबा आमच्या वाड्यावरच्या घुमट आरतीचे, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवत म्हणायच्या आरतीचे, मुख्य. चवथीला वीस-बावीस घरं करायचे. गेल्या वर्षी दुसऱ्या कडव्याला थांबले, घुमट मांडीवरून खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. कोणी काही बोललं नाही. यंदा "मी येणार नाही" हे आत्तापासून सुरू आहे.

तर प्रश्न असा: दम लागत असताना चालवावं का? किती? कोणाच्या घरी असं माणूस असेल तर कृपया लिहा.

जुना_बार्जवाला | १८ जून, रात्री १०.४०

पहिला! नाही, गंमत बाजूला. माझा थोरला भाऊ क्रशरवर होता. आम्ही तुमच्यासारखंच बसवून ठेवलं. दीड वर्षात उठून बाथरूमला जायची मारामार झाली. आता वाटतं आम्हीच त्याला बसवला. चालवा.

नास्तिक_भटजी | १८ जून, रात्री ११.०५

रोज सकाळी गुळाचा खडा द्या. खाणीवर, क्रशरवर सगळे खायचे. गूळ धुळीला ओढून खाली नेतो. आमच्या आजोबांनी ९१ वर्षं काढली.

केपेकर | १८ जून, रात्री ११.१३

आजोबा खाणीवर होते का?

नास्तिक_भटजी | १८ जून, रात्री ११.१५

नाही, देवळात. पण गूळ खायचे.

डॉ_खोकला | १९ जून, सकाळी ७.३०

भटजी, तुमच्यावर लोभ आहे म्हणून सांगतो. गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ जाते श्वासनलिकेतून फुफ्फुसात. दोघांची गाठ घशापाशी पडते तेवढीच. घशात अडकलेली जाड धूळ गुळाने, पाण्याने खाली जाईल. पण घात करते ती बारीक धूळ, पाच मायक्रॉनच्या आतली, डोळ्याला न दिसणारी. ती पार वायुकोशांत जाऊन बसते. पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, त्या जागी वण धरतात. असे वण वाढत जाऊन फुफ्फुस चामड्यासारखं आखडतं. नोकरी सोडली तरी हे थांबेलच असं नाही. गुळाने एकच बरं झालं, ठेकेदाराला मास्कपेक्षा गूळ स्वस्त पडला.

आबोली, आता तुमच्याकडे. दोन गोष्टी वेगळ्या करा. नुसती लोखंडाची धूळ साठली तर एक्स-रे भयंकर दिसतो, पण माणूस बऱ्यापैकी चालता फिरता असतो. त्याला सिडेरोसिस म्हणतात. खनिजाच्या वरचा दगड-माती फोडताना जी गारगोटीची, म्हणजे सिलिकाची धूळ उडते ती खरी वैरीण. ड्रिलवर बारा वर्षं म्हणजे ती भरपूर गेली. झालेला वण कुठल्याही औषधाने पुसत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण 'फुफ्फुस धुऊन देतो' म्हणणारे भेटतील, त्यांना पैसे देऊ नका.

पण फुफ्फुस सुधारत नाही म्हणून माणूस सुधारत नाही, असं नाही. दम लागतो म्हणून माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, मग आणखी दम. या चक्रातला फुफ्फुसाचा भाग माझ्या हातात नाही, पायांचा भाग तुमच्या हातात आहे. व्यायामाचा आठ-बारा आठवड्यांचा कार्यक्रम केला तर फुंकरीच्या तपासणीतला आकडा बहुतेक तोच राहतो, पण चालायचं अंतर वाढतं आणि दम कमी वाटतो.

आणि वजन घटायला लागलं, संध्याकाळी ताप आला, थुंकीत रक्त दिसलं तर थांबू नका. सिलिकोसिसच्या माणसाला टीबीचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. फ्लूची आणि न्यूमोनियाची (न्यूमोकॉकल) लस घेतलीय का तेही विचारा.

वाळपईकर | १९ जून, सकाळी ९.०२

+१. बाबा बिडी ओढतात का हे कोणी विचारलंच नाही.

आबोली_साखळी | १९ जून, दुपारी १.२०

२०१५ मध्ये सोडली. म्हणजे आम्हाला तसं सांगितलंय. :)

कुळथाची_पिठी | १९ जून, दुपारी २.१५

आमच्या मामांनीही 'सोडली' होती. माडाच्या बुंध्याशी थोटकं सापडायची.

फिजिओ_फोंडा | १९ जून, रात्री ९.४५

मी फुफ्फुसाच्या रुग्णांचे व्यायाम घेते, म्हणून जरा लांबण लावते.

सुरुवात मोजण्यापासून करा. आमच्याकडे सहा मिनिटांची चाल असते: ३० मीटरच्या सरळ पट्ट्यात माणूस सहा मिनिटांत आपल्या वेगाने किती चालतो, मधे थांबला तरी चालेल, घड्याळ चालूच. पहिली तपासणी दवाखान्यातच करून घ्या, कारण बोटाच्या यंत्राचा आकडा किती खाली गेला तर थांबायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवून द्यायला हवं. बहुतेक जण ८८ च्या खाली जाऊ देत नाहीत. त्यानंतर घरी. तुमच्या साखळी गावाला पाऊस असेल तर पडवीत फेऱ्या.

किती दम चालेल? शून्य ते दहा अशी मोजणी शिकवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जाणार. तीन-चारवर चालायचं, पाचच्या पुढे थांबायचं. साधी खूण: वाक्य बोलता यावं, पण गाता येऊ नये. तुमच्या बाबांना तर ही खूण फारच सोपी.

थांबायचं म्हणजे बसायचं नाही. भिंतीला किंवा कट्ट्याला हात टेकून पुढे वाकायचं, खांदे सैल. नाकाने दोन मोजत श्वास आत, मग ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर. गरम पेजेवर फुंकर घालतो तशी, पण पेज सांडू न देता. दमलेला माणूस घाईने आत ओढायला बघतो. खरं काम बाहेर सोडायचं असतं. जोर लागेल तेव्हा श्वास बाहेर: पायरी चढताना बाहेर, कळशी उचलताना बाहेर.

घरातली छोटी कामं चालण्याइतकीच महत्त्वाची. आंघोळ स्टुलावर बसून, फार कडक पाणी नको, वाफेने कोंडतं. डोक्यावरून घालायच्या बनियनपेक्षा पुढून बटणांचा शर्ट. उकिडवं बसायचा संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा, पोट दबलं की छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि निम्मा दम तिथेच लागतो. लोक हे लाजेने सांगत नाहीत.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा बसून-उठून: त्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं. आधी पाच वेळा. काकांची खुर्ची फेकू नका, तिला कामाला लावा.

जुना_बार्जवाला | १९ जून, रात्री १०.३०

वाचनखूण साठवली. 'लाजेने सांगत नाहीत' हे अगदी. भाऊ पाणीच कमी प्यायचा, संडासला जायला नको म्हणून. आम्हाला कळायला सहा महिने गेले.

रेडेघाट | २० जून, सकाळी ११.००

सगळं छान. पण मूळ मुद्द्यावर कोणी बोलत नाही. ज्यांनी ही धूळ खायला घातली ते कुठे आहेत? ट्रकच्या रांगा लागायच्या तेव्हा आमच्या गावात अबोलीच्या वळेसराचा रंगसुद्धा ओळखू यायचा नाही. धुतलेले कपडे दोरीवरून लाल होऊन यायचे. पैसे मिळवणारे पणजीत, खोकणारे सत्तरी तालुक्यात.

केपेकर | २० जून, सकाळी ११.४०

रेडेघाट, मग खाणी बंद झाल्यावर कोण रडलं? २०१२ ला बंदी, मधे पुन्हा चालू, २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. आमच्या कुडचडे-सावर्ड्यात ट्रक दारात गंजले, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. चालू होतं तेव्हा छाती जळत होती, बंद झालं तेव्हा पोट.

रेडेघाट | २० जून, दुपारी १२.१०

वाक्य टाळ्यांचं आहे, पण पोटासाठी छाती जाळावीच लागते असं नाही. ड्रिलवर पाण्याची फवारणी केली तर धूळ जागीच बसते. त्याला पाणी लागतं, गोव्यात पाण्याचा तुटवडा नव्हता.

संपादक_मंडळ | २० जून, दुपारी १२.३०

खाण हवी की नको याचे आधीचे धागे आहेत. या धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती.

वास्कोचा_वेल्डर | २० जून, रात्री ८.१५

फक्त खाणवाल्यांचा रोग नाही हा. मी ३१ वर्षं जहाजदुरुस्तीत. टाकीच्या आत वेल्डिंग, वर सँडब्लास्टिंगवाले (वाळूच्या माऱ्याने गंज काढणारे), दोघांच्या मधे मी. जुन्या जहाजांच्या पाइपांवरचं पांढरं आवरण हाताने ओरबाडून काढायचो, ते ॲस्बेस्टॉस होतं हे निवृत्तीनंतर कळलं. आता घरी दोन वर्षं प्राणवायूचं यंत्र आहे.

त्याबद्दल थोडं. यंत्र लागलं म्हणजे माणूस संपला, असं बायको समजली होती. मीही. नाकात नळी घालून गॅलरीत बसायला लाज वाटायची, शेजारी बघतात. डॉक्टरांनी १५ तास सांगितलेले, मी सहा तास लावायचो, तेही दार बंद करून. मग नातवाने नळीला लांब जोड आणून दिला. आता स्वयंपाकघरापर्यंत जातो, मासे साफ करतो. बांगडा कापताना नळी खांद्यावरून मागे टाकायची. हळूहळू शेजाऱ्यांनी बघणं सोडलं.

वीजबिल वाढतं, आधीच सांगून ठेवतो. माझं यंत्र साधारण ३५० वॅटचं, १५ तासांचे दिवसाला पाच युनिट. पावसात वीज जाते म्हणून एक सिलिंडर भरून कोपऱ्यात. आणि समई, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून लांब. बांगडे तळणं बायकोकडे. आमच्या एका मित्राने नळी लावून बिडी पेटवली, मिशी गेली. नशीब थोर, मिशीच गेली.

डॉ_खोकला | २१ जून, सकाळी ७.१०

वेल्डरसाहेब, ही मिशीची गोष्ट मी ओपीडीत सांगणार, परवानगी द्या. आबोलीच्या बाबांना तूर्त यंत्राची गरज दिसत नाही. घरचं यंत्र आम्ही विश्रांतीत ८८ किंवा त्याखाली राहणाऱ्यांना देतो. उगाच विकत घेऊ नका.

मजूर_खात्याचा_म्हातारा | २२ जून, सायंकाळी ५.३०

मी कारकुनीत आयुष्य काढलं, त्यामुळे कागदाचं बोलतो. कंटाळा आला तर पुढे जा.

सिलिकोसिस हा कारखाने कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे कळवायच्या रोगांच्या यादीतला रोग होता. खाणीसाठी १९५२ चा खाण कायदा, त्यातही व्यावसायिक रोग कळवायची सक्ती होती. भरपाई १९२३ च्या कायद्याखाली होती, अर्ज भरपाई आयुक्तांकडे. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. कर्मचारी विमा लागू असेल तर रस्ता वेगळा, तिकडून. खाण सुरक्षेचं कार्यालय मडगावला आहे.

आता अडतं कुठे? निदान 'दमा', 'जुनी टीबी', 'धूम्रपान' असं लिहून येतं. त्यामुळे डॉक्टरांना काम सांगताना 'खाणीत होतो' एवढंच सांगू नका. कोणत्या साली, कोणत्या यंत्रावर, फवारणी होती की नाही, मास्क कापडाचा की कसला, हे एका कागदावर लिहून न्या आणि केसपेपरवर चढवून घ्या. खाणीतली वैद्यकीय तपासणी व्हायची त्याचा 'फॉर्म ओ' असतो, तो घरात असेल तर जपा. वेतनचिठ्ठी, पीएफचा क्रमांक, सोबत्यांची नावं. ठेकेदाराकडे होते त्यांचे हाल विचारू नका, कागदावर ते खाणीत कधी नव्हतेच. माझ्या पुढ्यात एक जण आला होता, पुरावा म्हणून हेल्मेट घेऊन. हेल्मेटवर कंपनीचं नाव होतं, त्याचं नव्हतं.

राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी धोरण केलं: प्रमाणपत्र मिळालं की रुग्णाला तीन लाख, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख, शिवाय पेन्शन. मालक कोण हे सिद्ध करत बसावं लागत नाही. इथेही तसंच हवं, असं मी निवृत्तीच्या आधीपासून बडबडतोय.

रेडेघाट | २२ जून, सायंकाळी ६.१०

हेल्मेटवाल्याचं पुढे काय झालं?

मजूर_खात्याचा_म्हातारा | २२ जून, सायंकाळी ६.४५

तारखा झाल्या. मग तो यायचा बंद झाला. हेल्मेट बरेच दिवस कपाटावर होतं.

कुळथाची_पिठी | २३ जून, सकाळी १०.२०

(अवांतर नाही, खाणंही महत्त्वाचं.) दम लागणारा माणूस कमी जेवतो, पोट भरलं की श्वास कोंडतो. आमच्या मामांना पाच वेळा थोडं थोडं द्यायचो. सकाळी नाचणीचं तिझान, म्हणजे पातळ लापशी, दहाला अंडं, दुपारी भात कमी आणि मासे जास्त. रात्री पिठी-भात. भाताचा डोंगर बंद केला तर सुरुवातीला रागावले, मग सवय झाली.

एक बायकांच्या बाजूने. अशा घरात बाईची झोप जाते. मामी रात्रभर मामांचा श्वास मोजायची. तिचा रक्तदाब वाढला तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. आबोली, आईला 'तू चुकतेस' म्हणू नकोस. तिला ते दम मोजायचं शिकव, शून्य ते दहा. भीती वाटणाऱ्या माणसाला हातात काहीतरी लागतं.

नास्तिक_भटजी | २३ जून, सकाळी १०.५०

नाचणीच्या तिझानात गूळ असतो. एवढंच नोंदवतो.

आबोली_साखळी | ७ जुलै, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती, थोडं भांडण.

सहा मिनिटांची चाल दवाखान्यात झाली, २४० मीटर. मधे दोनदा थांबले. घरी यायच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नारळाच्या सुंभाची दोरी घेऊन पडवी मोजताहेत. साडेसात मीटर भरली. "चार खेपा म्हणजे तीस," म्हणाले. ड्रिलवर भोकांची खोली मोजायची सवय. आता खांबावर कोळशाने रेघा ओढतात, एक फेरी एक रेघ, पाचवी आडवी.

आईला दम मोजायला शिकवलं. ती बाबांना न विचारता स्वतःच आकडा सांगते. बाबा म्हणतात तीन, आई म्हणते सहा, शेवटी यंत्र लावतो. बहुतेक वेळा आईच बरोबर असते.

काका मात्र अजून नाराज आहेत.

फिजिओ_फोंडा | ७ जुलै, रात्री ९.३०

सुंभाची दोरी! आमच्या विभागात टेप हरवलाय, पाठवून द्या. :)

दमाच्या पट्टीत चुकून आणखी एक व्यायाम सांगायचा राहिला होता. बाबांना गुणगुणू द्या, बसून, लांब सूर. एका श्वासात 'ॐ' किती सेकंद टिकतो ते मोजा. गाणं म्हणजे सावकाश श्वास सोडण्याचाच सराव. आरती सोडायला लावू नका, छोटी करा.

जुना_बार्जवाला | ८ जुलै, सकाळी ८.१५

पात्रांव, आरतीच्या आधी थोडं हुर्राक (काजूची दारू) घेतलं तर सूर आपोआप लांबतो असा आमचा अनुभव.

डॉ_खोकला | ८ जुलै, सकाळी ८.४०

सूर लांबत नाही, ऐकणाऱ्याला तसं वाटतं. आणि हुर्राक मे महिन्यात संपतं, जुलैत तुम्हाला काय विकताहेत ते तपासून घ्या.

चिरेबंदी | २ ऑगस्ट, रात्री १०.००

उशिरा आलो. पेडण्यात चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीवर मशीनने चिरा कापतात. माझ्याकडे नऊ माणसं आहेत, सगळी बाहेरची. हा धागा वाचून मास्क आणले, कापडी नाही, एन-९५. दोन दिवस लावले, तिसऱ्या दिवशी 'गुदमरतं' म्हणून गळ्यात. काय करू?

रेडेघाट | २ ऑगस्ट, रात्री १०.३०

पाणी सोडा पात्यावर. मास्क शेवटचा उपाय, पहिला नाही. आणि त्यांचे एक्स-रे काढा, गावी जायच्या आधी.

चिरेबंदी | २ ऑगस्ट, रात्री १०.४५

पाण्याचा टँकर परवडत नाही, पण बघतो. एक्स-रे काढून घेतो.

आबोली_साखळी | चवथीनंतरचा रविवार, दुपारी ३.३०

राहिलेलं सांगते. गेल्या आठवड्यात पुन्हा चाल झाली, ३१० मीटर, एकदाच थांबले. फुंकरीचा आकडा जिथल्या तिथे, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून कोणी हिरमुसलं नाही.

चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधायची होती तर चढायला उंच काही सापडेना. काकांनीच ती खुर्ची आत आणली आणि तिच्यावर चढून सुपाऱ्यांचे घड, केवणी, आंबाडे, तोरींग सगळं बांधलं. खुर्चीचा एक पाय तडकला. आई काही बोलली नाही.

बाबा सात घरी गेले. बावीस नाही. उभे राहिले नाहीत, बसून म्हणाले. सुरुवातीची ओळ त्यांची, लांबवायचं काम माझ्या चुलतभावाकडे, तो फुकट एवढी वर्षं मागे झांजा कुटत होता. घुमट मात्र शेवटपर्यंत मांडीवर. धूप घालायच्या आधी यजमानांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी तो मागच्या दारी घातला. आठव्या घराच्या पायरीशी बाबांनी चार बोटं दाखवली, मग पाचवं. आम्ही परत फिरलो.

वास्कोचा_वेल्डर | रविवार, दुपारी ४.१०

रेकॉर्डिंग असेल तर टाका. बांगडे साफ करता करता ऐकेन.

आबोली_साखळी | रविवार, दुपारी ४.२५

चुलतभावाच्या फोनमध्ये आहे, मागते. मधे एका जागी बाबा खोकलेत, तेवढं कापू का?

वास्कोचा_वेल्डर | रविवार, दुपारी ४.२६

असू दे.